नाव न मिळालेलं मांडीचं हाड

ते हाड आहे हे मान्य करायला मला चार दिवस लागले. तोवर मी त्याला लाकूड म्हणत होते. वहीत नोंदही तशीच आहे, माझ्याच अक्षरात: "नाल्याचा पूर्व काठ, अश्मीभूत लाकूड, दिसणारी लांबी ४० सेंमी." गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात ही चूक करायला फार प्रतिभा लागत नाही. दगड झालेली झाडं तिथे इतकी आहेत की वडधमला त्यांचं जीवाश्म उद्यानच झालंय. मी ज्या घरात राहत होते त्याच्या पायरीलाही असाच एक ओंडका होता. सकाळी त्यावर बसून दात घासायचे.

चौथ्या दिवशी तातय्या आले. ज्यांच्या शेताच्या धुऱ्याला लागून हा नाला जातो ते हे आजोबा. तेलुगूत आजोबांना तातय्या म्हणतात म्हणून आम्हीही म्हणायचो. (सिरोंच्यात कचेरीत मराठी आणि घरात तेलुगू असा सरळ कारभार आहे. माझं नागपुरी मराठी ऐकून लोक आधी हसायचे आणि मग हिंदीत उत्तर द्यायचे.) तातय्या उकिडवे बसले, अंगठ्यानं धूळ पुसली आणि म्हणाले, "बोक्क."

बोक्क म्हणजे हाड. एवढं तेलुगू मला पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

"नाही तातय्या, कर्रा," मी म्हटलं. लाकूड आहे.

"बोक्क," ते पुन्हा म्हणाले. पोराला पाटीवरचं अक्षर दुसऱ्यांदा दाखवावं तसं.

मग मी नाइलाजानं भिंग काढलं. दगड झालेल्या लाकडात उभ्या नळ्यांच्या ओळी दिसतात, नशीब असेल तर वलयंही. हाडाला बाहेरून घट्ट साल असते आणि आत पावाच्या तुकड्यासारखी जाळी. झिजलेल्या बाजूला जाळी होती. चार दिवस मी त्यावर पाण्याची बाटली ठेवत होते.

तातय्यांना कसं कळलं, हे मी नंतर विचारलं. लहानपणी ते प्राणहितेच्या पलीकडे नातेवाइकांकडे गेले असताना "कलकत्त्याची माणसं" मोठमोठी हाडं बांधून नेताना त्यांनी पाहिली होती, असं ते सांगत. वर्ष त्यांना आठवत नव्हतं. मला मात्र वर्ष ठाऊक होतं, कारण ते पाठ करूनच मी इथे आले होते.

प्राणहिता आणि गोदावरीच्या या पट्ट्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर एका हाडासाठी मी आयुष्याची तीन वर्षं का घातली हे कळणार नाही. हा पट्टा म्हणजे लांब मानेच्या डायनोसॉरांच्या उत्क्रांतीचा जिनाच आहे. सगळ्यात खालच्या पायऱ्यांपैकी एक मालेरीचे लाल चिखली खडक, साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यावर धर्माराम. त्यावर कोटा, सुमारे १८-१९ कोटी वर्षांचा. काही अभ्यासक त्याला आणखी तरुण मानतात. मालेरीच्या वरच्या थरातला नांबालिया हा या कुळातला लहानखुरा, हलका प्राणी. धर्मारामातला लॅम्प्लुगसॉरा चांगलाच दांडगा. आणि कोट्याच्या थरात पोचलो की थेट बारापासॉरस: चौदा मीटरच्या घरातला, खांबासारख्या चार पायांवर उभा. लहानखुऱ्या प्राण्यांपासून चालत्या डोंगरापर्यंतचा हा प्रवास एकाच खोऱ्यात, काही दिवसांच्या पायपिटीत बघायला मिळतो, अशा जागा जगात फार नाहीत. आणि त्यातली शेवटची पायरी ज्या गावावरून ओळखली जाते ते कोटा सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठावर आहे. कोट्याच्या चुनखडीतला मासा, लेपिडोटस डेक्कनेन्सिस, १८५१ मध्येच लंडनच्या विद्वानांनी वर्णन करून ठेवला होता. नागपुरात मी ज्या कॉलेजावरून रोज सायकल दामटायचे त्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी, आणि आपल्याकडच्या जीवाश्मांचे सुरुवातीचे मोठे संग्राहक. हे मला एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं. तोवर हिस्लॉप म्हणजे गॅदरिंग.

तर, हाड.

डिसेंबर होता. धान कापून झालं होतं, मिरची लागलेली होती, आणि नाल्यात घोट्याएवढं पाणी. आमचे सर, मी, आणखी एक विद्यार्थी आणि गावातले पाच जण. वनखात्याची परवानगी, पोलिस ठाण्यात नोंद, सरपंचांकडे चहा, हे सगळं झालं. त्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

वरची माती कुदळ-फावड्यानं निघाली. शेवटचा वीतभर थर मात्र छिन्नी, टोच्या आणि कुंचला. हाड दगडाचं झालेलं असलं तरी त्याला शेकडो भेगा असतात आणि भेगांत झाडांची मुळं शिरलेली असतात. मूळ ओढलं की हाडाची कपची निघते. म्हणून मूळ कात्रीनं कापायचं, मग अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला पातळ डिंक, पॅरालॉइड बी-७२, थेंबथेंब सोडायचा, वाळू द्यायचा, मग पुढची दोन बोटं. दिवसाला एक वीत उघडली तर सर खूश. नवव्या दिवशी सगळी लांबी दिसली: १ मीटर १२ सेंटिमीटर. डावं मांडीचं हाड. सरळसोट, आडव्या छेदात लंबगोल, मागच्या बाजूला शेपटीचा मोठा स्नायू जिथे जोडलेला असतो तो उंचवटा. सर काही बोलले नाहीत. टोपी काढून पुन्हा घातली, एवढंच.

सरळ असण्याला महत्त्व आहे. जुन्या, हलक्या पूर्वजांचं मांडीचं हाड बाजूनं पाहिलं तर वाकलेलं दिसतं, पळणाऱ्या प्राण्याचं. वजन वाढत गेलं तसं ते खांबासारखं होत गेलं. आमचं हाड खांबाकडे झुकलेलं होतं, म्हणजे आपण जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर आहोत. पण नेमके कुठे?

आता मी माझ्या चुकीपाशी येते. या सगळ्या गोष्टीत सांगण्यासारखं खरं तर तेवढंच आहे.

मोठं हाड उचलायचं तर त्याभोवती चर खणून ते मातीच्या ओट्यावर ठेवल्यासारखं करतात. वरून ओला कागद लावायचा, म्हणजे प्लास्टर हाडाला चिकटत नाही. मग बारदानाच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून एकावर एक. मोडलेल्या हाताला करतात तेच, फक्त रुग्ण १८ कोटी वर्षांचा. लांबीला बांबू बांधायचे. मग खालून पोखरत ओट्याची मान बारीक करत आणायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एका दमात पालथं करायचं.

खालून पोखरण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण मी सगळ्यात बारीक. चरात पालथी पडून, डोक्यावर दोन-अडीचशे किलोचा पांढरा गाठोडा, मी टोच्यानं माती काढत होते. तिथे, हाडाच्या वरच्या टोकाशी, पुढच्या बाहेरच्या कडेला मला एक बारीक कंगोरा दिसला. करंगळीएवढा. मी वहीत लिहिलं: "पुढे कंगोरा? की चिकटलेला खडक?" आणि मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढला. एकच. त्यात माझ्या अंगठ्याची सावली पडली आहे. तो फोटो मी नंतर इतक्या वेळा मोठा करून पाहिला आहे की डोळे मिटूनही मला त्यातले ठिपके दिसतात.

सरांनी सांगितलं होतं, तीन ठिकाणी आरपार बोगदे काढ, तीन पट्टे आवळू, मगच पालथं करू. सर दुपारी तालुक्याला गेले होते. भाड्यानं आणलेला ट्रॅक्टर पाचपर्यंतच होता आणि ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. मी दोन बोगदे काढले, दोन पट्टे आवळले आणि म्हटलं, चला.

पालथं झालं. पण ज्या टोकाला तिसरा पट्टा हवा होता तिथून खालची माती भसकन खाली आली आणि तिच्यासोबत हाडाचे तुकडेही. घमेलंभर. मोठे सात-आठ मी वेचून पिशवीत घातले, चिठ्ठी लावली. उरलेल्या चुऱ्याकडे पाहून गड्यानं विचारलं, "ये?" मी म्हटलं, "टाका बाजूला." ट्रॅक्टर निघाला होता.

सर रात्री आले. ओरडले नाहीत. "चुरा चाळून घेतलास ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नव्हतं. आता हे वाचून कळेल.

पुढचे चौदा महिने प्रयोगशाळेत. बाहेरून लोकांना वाटतं, शोध खणताना लागतो. खणणं तीन आठवड्यांचं. बाकी सगळं एका टेबलाशी बसून, कानाला मफ, तोंडाला मास्क आणि हातात एअर स्क्राइब: हवेच्या दाबावर चालणारी, दातांच्या डॉक्टरची आठवण करून देणारी लेखणी. ती दगडावर भुंगा बसल्यासारखी गुणगुणते आणि दाण्यादाण्यानं खडक उडवते. खडक आणि हाड दोन्ही लालसर, दोन्ही कठीण. फरक रंगाचा नसून आवाजाचा असतो. हाडाला टोक लागलं की सूर किंचित चढतो. हे मला प्रयोगशाळेतल्या दादांनी शिकवलं. दादांनी वीस वर्षं हेच केलंय. त्यांच्या नावावर एकही शोधनिबंध नाही, आणि हाडाच्या बाबतीत सर त्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. एकदा मी त्यांना सांगितलं की धर्मारामातल्या एका डायनोसॉराचं नाव प्रधानिया आहे, कोलकात्याच्या संस्थेसाठी वर्षानुवर्षं जीवाश्म गोळा करणाऱ्या धुईया प्रधान यांच्यावरून. दादांनी लेखणी बंद केली, मफ काढला, "पुन्हा सांगा," म्हणाले. मग पुन्हा कामाला लागले. त्या दिवशी त्यांनी जेवणाची सुट्टी घेतली नाही.

अकराव्या महिन्यात मी त्या कंगोऱ्याच्या जागी पोचले. तिथे ताजी मोड होती. खडबडीत, फिकट, जुनी झीज नाही. कंगोरा असलाच तर तो घमेल्यात गेला होता.

त्याचं एवढं काय, असं घरी आईनंही विचारलं. सांगते. कोट्याच्या थरातून दोन लांब मानेचे नामवंत आहेत. एक बारापासॉरस. दुसरा कोटासॉरस यामनपल्लिएन्सिस, यामनपल्ली गावाजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सापडलेला, १९८८ मध्ये यादगिरी यांनी नाव दिलेला, नऊएक मीटर लांबीचा. कोटासॉरस जुन्या वळणाचा. त्याच्या मांडीच्या हाडावर पूर्वजांकडून आलेला एक लहान उंचवटा, लेसर ट्रोकँटर, अजून शिल्लक आहे. पुढे खऱ्याखुऱ्या अजस्र सॉरोपॉडांत (लांब मानेच्या या महाकाय डायनोसॉरांना सॉरोपॉड म्हणतात) तो जवळपास नाहीसाच होतो. आमच्या हाडाची बाकीची ठेवण बारापासॉरसकडे जाणारी. त्यावर जर तो जुना उंचवटा असेल, तर दोघांपैकी कुणाशीच न जुळणारं मिश्रण होतं, म्हणजे नवीन काहीतरी. नसेल, तर बहुधा बारापासॉरसचंच लहान पोर. सगळं त्या करंगळीएवढ्या कंगोऱ्यावर.

तुलनेसाठी मी कोलकात्याला गेले. भारतीय सांख्यिकी संस्थेत डायनोसॉर कशाला, हा प्रश्न रिक्षावाल्यानंही विचारला. उत्तर महालनोबिस, संस्थेचे संस्थापक. त्यांना वाटायचं की संख्याशास्त्र सगळ्या शास्त्रांत मिसळलं पाहिजे, म्हणून त्यांनी १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावलं. (लॅम्प्लुगसॉरा हे नाव त्यांचंच, पामेला लॅम्प्लुग रॉबिन्सन. बाई म्हणून 'सॉरस' नव्हे, 'सॉरा'. व्याकरण पाळणारी माणसं.) त्यांच्या चमूनं आणि त्यांनी तयार केलेल्या इथल्या तरुणांनी प्राणहितेच्या पलीकडे, पोचमपल्ली गावाजवळ, १९५८ पासून हाडं शोधली आणि १९६०-६१ मध्ये मोठं खोदकाम केलं. बारापासॉरसची सुमारे तीनशे हाडं, किमान सहा प्राण्यांची, मोठाल्या झाडांच्या दगडी खोडांमध्ये गुंतलेली. बहुधा पुरात वाहून आलेली. लाकडात हाड, हाडात लाकूड. हे वाचलं तेव्हा मला माझी वहीतली नोंद थोडी कमी लाजिरवाणी वाटली.

१९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून प्रजातीचं नाव टागोराय. आणि बारापा? आपल्या कानाला ते बारा पाय ऐकू येतं. मी लहानपणी कुठल्याशा पुस्तकात वाचून बारा पायांचा डायनोसॉर काढलाही होता, गोमेसारखा. पण ते बंगाली आहे, मोठा पाय. पावणेदोन मीटरच्या मांडीच्या हाडाला दुसरं काय म्हणणार? नाव मात्र रीतसर छापून यायला १९७५ उजाडलं. जैन, कुट्टी, रॉय चौधरी, चटर्जी या चौघांचा निबंध. खोदकाम १९६१, नाव १९७५. लॅम्प्लुगसॉरा आणि प्रधानियाला २००७. नांबालियाला २०११. मी चौदा महिन्यांत कंटाळले होते.

संस्थेच्या संग्रहालयात शिरलं की बारापासॉरस समोर उभाच असतो. मी पाच मिनिटं नुसती पायाशी उभी राहिले. सांगाडा एकाचा नाही, अनेकांची हाडं मिळून एक प्राणी उभा केलेला; कवटी कधी मिळालीच नाही, सापडले ते थोडे दात. मग मी मापपट्टी आणि कॅलिपर काढला आणि तीन दिवस एकाच प्रकारच्या हाडांवर घालवले. घेर, रुंदी, उंचवट्याचं टोकापासूनचं अंतर, सगळं तीन-तीनदा. नंतर हैदराबादेत बिर्ला विज्ञान केंद्रात उभा असलेला कोटासॉरस. तिथे शाळेची सहल आली होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही याचं ब्लाउज शिवणार का?" गळ्यात मापपट्टी होती, प्रश्न रास्त होता.

मापं जमली की तक्ता. आडव्या ओळीत प्राणी, उभ्या रकान्यात लक्षणं: अमुक उंचवटा आहे की नाही, असेल तर कड्यासारखा की टेकडीसारखा, मणक्यांत पोकळी आहे की नाही. आहे तर १, नाही तर ०, माहीत नाही तर प्रश्नचिन्ह. आमच्या तक्त्यात साडेतीनशेच्या आसपास लक्षणं होती. एकट्या मांडीच्या हाडावरून एकवीस भरता आली. बाकी ओळभर प्रश्नचिन्हं. कंगोऱ्याच्या रकान्यात मी पहिल्यांदा १ लिहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोटो दाखवला. ते बराच वेळ फोटो पाहत होते. "हा अंगठा कुणाचा?" म्हणाले. मग स्वतःच १ खोडून तिथे प्रश्नचिन्ह घातलं.

संगणकाला हा तक्ता दिला की तो नात्यांची हजारो झाडं तपासून कमीत कमी बदलांत बसणारी झाडं काढतो. १ घालून पाहिलं तर आमचं हाड एका स्वतंत्र फांदीवर बसायचं, ऐटीत. प्रश्नचिन्ह घातलं की सगळ्या फांद्या एकाच बुंध्यातून निघायच्या. झाडाऐवजी खराटा. मी रात्री गुपचूप १ घालून ते सुंदर झाड पुन्हा पाहायचे, आणि सकाळी खराटा घेऊन सरांकडे जायचे.

वयाचा प्रश्नही होता. लहान आणि मोठ्या प्राण्याची हाडं इतकी वेगळी दिसू शकतात की पोराला नवीन प्रजाती म्हणून नाव देऊन बसण्याची फजिती या क्षेत्रात अनेकदा झाली आहे. म्हणून हाडाच्या मधल्या भागाचा एक पातळ काप घेतला. कापताना दादांनी तोंड फिरवलं. सूक्ष्मदर्शकाखाली भराभर वाढणारी, रक्तवाहिन्यांनी भरलेली ऊती दिसली. वाढ थांबल्यावर अगदी कडेला जो दाट, बारीक रेघांचा थर येतो तो नव्हता. म्हणजे प्राणी वाढीला लागलेला होता. तरुण बारापासॉरस असण्याची शक्यता आणखी घट्ट झाली. सिद्ध नाही, घट्ट.

नाव मात्र आम्ही ठरवून ठेवलं होतं. कुणी कबूल करत नाही, पण सगळेच ठेवतात. मला तर व्याकरणही पाठ झालं होतं: गावावरून नाव असेल तर शेवटी एन्सिस, पुरुषाचं असेल तर आय, बाईचं असेल तर ए. नमुना एकच ठरवायचा, तो कायम त्या नावाचा आधार. वेगळेपण कशात आहे ते नेमक्या शब्दांत लिहायचं. नाव केवळ ऑनलाइन अंकात छापायचं असेल तर प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंद करायची. मी मसुद्यात गावाचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि "आभार" मध्ये तातय्यांचं.

पण शेवटच्या वाचनात सरांनी नावाचा अख्खा परिच्छेद काढला. मी भांडले. चांगलीच भांडले, खोलीबाहेर दादा उभे होते आणि आत यायचं धाडस करत नव्हते. माझं म्हणणं होतं, लोक एका दातावरून नावं देतात. सर म्हणाले, "देतात. आणि पुढचे पन्नास वर्षं बाकीचे ती निस्तरतात." मला ते तेव्हा पटलं नाही. परीक्षकांचे अभिप्राय आले तेव्हा अर्धं पटलं: दोघांपैकी एकानं स्वतंत्रपणे लिहिलं होतं की वरच्या टोकाची हानी पाहता नाव न देण्याचा निर्णय योग्य आहे. "हानी" हा शब्द त्यांनी तीनदा वापरला होता. माझी चूक त्यांना ठाऊक नव्हती, तरी मला प्रत्येक वेळी ट्रॅक्टर ऐकू आला.

निबंध छापून आला. शीर्षक रुक्ष आहे आणि हाडाची ओळख "अनिश्चित सॉरोपॉड" अशी आहे. हाडावर पांढऱ्या रंगाचा छोटा पट्टा मारून त्यावर काळ्या शाईनं क्रमांक घातला. तो दादांनी घातला, माझं अक्षर वाईट म्हणून.

गेल्या जानेवारीत मी सिरोंच्याला परत गेले. आलापल्लीनंतरच्या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. चर बुजला होता, वर मिरची होती. तातय्या आता काठी घेऊन चालतात. त्यांच्यासाठी निबंधाची छापील प्रत नेली होती. त्यांनी हाडाचं चित्र उलटं धरून पाहिलं, मी सुलटं केलं, त्यांनी पुन्हा उलटं केलं. त्यांनी ते जमिनीत तसंच पाहिलं होतं.

"पेरेंदी?" त्यांनी विचारलं. नाव काय?

मी क्रमांक सांगितला. त्यांना तो आकडा म्हणजे किंमत वाटली. मग नातवानं समजावलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "बारापाला नाव मिळालं," ते म्हणाले, "आपल्याला नाही?" काय सांगणार? मी एवढंच म्हटलं की एक तुकडा हरवला, आणि तो माझ्या हातून हरवला. चार वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. तेही मोडक्या हिंदीत, ज्याचा अर्धा भाग नातू तेलुगूत करत होता.

तातय्यांनी नातवाला काहीतरी सांगितलं. तो गोठ्याकडे गेला आणि कडब्याच्या मागून युरियाचं एक पोतं ओढत आणलं. तोंड सुतळीनं बांधलेलं. आत माती, मुंग्या, कोंबडीची पिसं आणि लालसर दगडाचा चुरा.

"तुम्ही टाका म्हणालात," नातू म्हणाला, "पण तातय्या म्हणे, बोक्क आहे, टाकायचं कसं?"

मी ते पोतं एस.टी.त मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं.

तीन जाळ्यांतून चाळल्यावर हाडाचे एकशे सहा तुकडे निघाले. त्यातले अकरा आतापर्यंत जुळले आहेत. सगळे हाडाच्या मागच्या बाजूचे. दादा रोज दुपारच्या चहानंतर अर्धा तास माझ्याबरोबर बसतात. एक तुकडा उचलतात, मोडीच्या कडेला लावून पाहतात, मान हलवतात, ट्रेमध्ये ठेवतात. काल एक तुकडा त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरला होता. मग तोही ठेवला.